तळ अधिक एक, चाकं सहा

कोपरखैरण्याच्या 'शुभंकर' सोसायटीत राहणाऱ्या प्रितमनं जानेवारी महिन्यात गाडी घेतली. गाडी साधी नव्हती. चिखलात, दगडधोंड्यांत, चढावर कुठंही चालणारी, चारही चाकांना जोर असलेली गाडी होती. ती घेण्यामागं कारण एकच होतं आणि ते कुठं लिहून ठेवलेलं नसलं तरी घरातल्या तिघांना तोंडपाठ होतं. बुद्ध पौर्णिमेला आईला आंबेकोंडला न्यायचं.

आंबेकोंड माणगावच्याही आत. एसटी जिथं सोडते तिथून वाडीपर्यंत दोन किलोमीटर तांबड्या मातीचा चढ, आणि त्याच्या आईचे, बयाबाईंचे, गुडघे आता घरातल्या उंबऱ्याशीही भांडायला लागलेले. वाडीनं नऊ वर्षं वर्गणी काढून विहार उभा केला होता. पायाचं पहिलं घमेलं बयाबाईंनी टाकलं होतं. दाराशेजारच्या पाटीवर त्यांच्या मालकांचं, कै. शिवराम यांचं नाव कोरलेलं होतं. पौर्णिमेला सकाळी दहा वाजता ती पाटी उघडायची आणि ती बयाबाईंनीच उघडायची, असं वाडीनं एकमतानं ठरवलं होतं. वाडीनं एकमतानं काही ठरवण्याची ही दुसरी वेळ. पहिल्या वेळी काय ठरलं होतं ते आता कुणाला आठवत नाही.

गाडी शोरूममधून बाहेर पडली तेव्हा ती आंबेकोंडला जाऊ शकत होती. हे इथंच नोंदवून ठेवलेलं बरं. यानंतर तसं म्हणायची वेळ येणार नाही.

प्रितम ऐरोलीत एका कंपनीच्या बॅक ऑफिसात होता. तिथल्या एका सहकाऱ्यानं त्याला 'माती हीच मंझिल' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. ग्रुपमध्ये दोनशे चौदा सभासद होते. त्यांच्या गाड्या दिवसा ऐरोलीतल्या तळघरात आणि सुट्टीच्या दिवशी धुवायला असायच्या. प्रितमनं मोठ्या हौसेनं नव्या गाडीचा फोटो टाकला. हार घातलेली गाडी, शेजारी बयाबाई, त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. मग एकानं लिहिलं, "छान. अजून काही केलं नाही?"

लग्नाला तीन वर्षं झालेल्या जोडप्याला नातेवाईक ज्या सुरात विचारतात, त्याच सुरात ते लिहिलेलं होतं. प्रितमला रात्रभर झोप लागली नाही. शनिवारी तो तळोज्याला गेला.

तळोज्यात कारखान्यांच्या मागच्या गल्लीत केतनचं 'रानगवा ऑफरोड' होतं. आजोबांच्या भातखाचरावर पत्र्याची शेड, शेडमध्ये उलट्या टांगलेल्या गाड्या आणि काउंटरवर केतन. केतन स्वतः स्कूटरवर फिरायचा. त्यानं प्रितमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि रिपोर्ट बघून डॉक्टर सोडतात तसा सुस्कारा सोडला.

"कुठं जायचं हाय दादा?"

"आईला गावी न्यायचंय. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता आहे."

"आन् मदी बैल आडवा आला तं?"

चौतीस वर्षांच्या आयुष्यात प्रितमच्या आडवा एकही बैल आला नव्हता. पण येणारच नाही, असं लेखी द्यायलाही कुणी तयार नव्हतं. लोखंडी बंपर बसला.

बंपर सत्तर किलोचा. त्यामुळं गाडीचं नाक खाली गेलं, ती कायम काहीतरी हुंगत असल्यासारखी दिसायला लागली. "सस्पेन्शन उचलावं लागेल," केतन म्हणाला. उचललं. गाडी चार इंच वर गेली आणि चाकं लहान मुलाच्या पायांसारखी दिसायला लागली. मोठे टायर घातले. ते दोन्ही बाजूंनी बाहेर आले, म्हणून त्यांच्यावर पंख बसवले. एवढी जड गाडी चिखलात रुतली तर तिला ओढणार कोण, म्हणून पुढं दोर ओढणारी विंच बसवली. विंच वीज खाते, म्हणून दुसरी बॅटरी आली. बॅटरी ठेवायची कुठं? मागच्या सीटखाली. सीटखाली ती मावेना, म्हणून सीट काढली.

इथं प्रितमनं पहिल्यांदा हरकत घेतली. "अरे, पण आई त्या सीटवर बसणार होती."

"दादा, तुमी इमोशनल होता," केतन म्हणाला. "सीटनं वजन वाढतं. आन् वजन वाढलं का सस्पेन्शन बसतं."

सीट गेल्यावर मागं मोकळी जागा राहिली. मोकळी जागा केतनला बघवत नसे, ही त्याची खानदानी सवय होती. आजोबांचं एक घर होतं, बापानं चार मजले चढवले. त्यानं मागं दोन खणांचा कप्पा बसवला, एकात शेगडी, दुसऱ्यात फ्रीज. आता आत झोपायला जागा राहिली नाही, म्हणून टपावर घडीचा तंबू बसवला आणि त्याला शिडी लावली. तंबूशेजारी पाण्याची टाकी, टाकीशेजारी सोलर. जादा चाक आधी मागच्या दाराला एक होतं. "दोन पंक्चर एकदम झाले तं?" म्हणून टपावर आणखी एक बांधलं. डाव्या बाजूनं बटण दाबल्यावर उघडणारं ताडपत्रीचं छत आलं. आणि इंजिनला नदीतही श्वास घेता यावा म्हणून काचेच्या कडेनं वर गेलेली एक काळी सोंड.

"आंबेकोंडच्या वाटेत नदी आहे?" प्रितमची बायको संघप्रिया हिनं विचारलं. ती वाशीच्या शाळेत भूगोल शिकवायची.

"आहे ना."

"तिच्यावर पूल आहे."

"पूल पडला तर?"

संघप्रियानं वह्या तपासायला घेतल्या. पाचवीच्या मुलांची उत्तरं यापेक्षा बरी होती.

मार्च संपता संपता गाडी घरी आली. शुभंकर सोसायटीच्या गेटवर उंचीसाठी एक आडवा दांडा होता. प्रितम नेहमीच्या सवयीनं आत शिरला. सोंडेनं दांड्याला असा काही टोला दिला, की दांडा निघून वॉचमनच्या खुर्चीत बसला. वॉचमन चहाला गेला होता, म्हणून ही कथा विनोदी आहे.

सेक्रेटरी संध्याताई खाली आल्या. त्यांच्या हातात सोसायटीची नियमावली आणि मोजायची टेप होती. या दोन गोष्टी त्या देवळात जातानाही बरोबर ठेवत.

"प्रितम, उंची जाऊ दे. दांडा तू नवीन बसवून देशील. पण हे पार्किंग कुणासाठी आहे?"

"चारचाकीसाठी."

"मोज."

संध्याताईंनी स्वतःच मोजलं. खाली चार, मागच्या दाराला पाच, टपावर सहा. "सहाचाकी म्हणजे व्यावसायिक वाहन. नियम क्रमांक चौदा. पार्किंग तुझंच राहील, पण ही गाडी आत येणार नाही."

"ताई, दोन चाकं टांगलेली आहेत!"

"नियमात टेकलेली की टांगलेली असं कुठं लिहिलंय? दाखव."

तसं लिहिलेलं नव्हतं. गाडी सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर, फुटपाथला खेटून उभी राहिली. बयाबाई काठी टेकत तिला बघायला आल्या. त्यांनी मान वर केली, आणखी वर केली.

"बाला, मी बसू कुटं?"

"वर तंबू आहे ना आई. एकदम हवेशीर."

"चालत्या गाडीत वर बसू?"

"चालत्या गाडीत नाही बसता येत."

"मग थांबलेल्या गाडीत बसून मी आंबेकोंडला कशी जाऊ?"

या प्रश्नाचं उत्तर केतनकडे असेल म्हणून प्रितमनं त्याला फोन केला. "सगळं काढून टाक आणि सीट परत बसव," प्रितम म्हणाला.

"दादा, काडायचं काम आमी करत नाय," केतन दुखावल्या आवाजात म्हणाला. "आमी बसवतो. आन् काडलं तरी भोकं राहनारच ना? टेन्शन नका घेऊ. पौर्निमेला टाइम हाय. घडीची खुर्ची येते एक, बाहेरून मागवतो."

पुढच्या रविवारी ग्रुपमधले चौदा जण गाडी बघायला आले. त्यांच्यासाठी प्रितमनं बटण दाबलं. ताडपत्रीचं छत फुटपाथवर डौलात उघडलं, टाळ्या पडल्या, सेल्फी झाले. मग त्यानं बंद करायचं बटण दाबलं. छतानं घर्रर्र केलं आणि ते तसंच राहिलं. केतन म्हणाला, मोटरचा पार्ट परदेशातून येतोय, महिनाभर लागेल. तोवर गाडी चालवायची नाही, नाहीतर छत लोकांच्या खिडक्या घेऊन जाईल.

सोमवारी सकाळी छताखाली सुकी मासळी विकणाऱ्या शेवंताबाई बसलेल्या होत्या. समोर टोपली, टोपलीत जवला, बोंबील, वाकटी.

"मावशी, इथं नका बसू."

"कनाला नको? सावली हाय."

"ती माझ्या गाडीची सावली आहे."

"गारीची सावली काय तुज्या नावावर हाय? सातबारा दाखव." शेवंताबाईंनी त्याच्याकडे निरखून बघितलं. "तू केतनचा गिऱ्हाईक ना? मी त्याची आत्या. जा, तुला अर्धा वाटा जवला जास्त घालते."

आठवड्याभरात तिथं शेवंताबाईंच्या शेजारी लिंबू-मिरचीवाला आला, मोबाइलला काच लावणारा आला, आणि सोलरवर फोन चार्ज करायला रिक्षावाले येऊ लागले. टाकीचं पाणी थंड असायचं, ते प्यायला लोक थांबायचे. एकूण त्या गाडीचा पहिल्यांदाच कुणालातरी उपयोग व्हायला लागला होता. म्हणूनच अतिक्रमण विभागाचं लक्ष गेलं.

विभागातर्फे मारोतराव आले. परभणीकडचे, सभ्य माणूस. कुणाचं घर पाडायचं असलं तरी आधी चप्पल बाहेर काढायचे. त्यांनी गाडीभोवती फिरून कागदावर टिपणं काढली. मग प्रितमला बोलावलं.

"तुम्हीच का मालक? वर राहतंय कोण?"

"कुणी नाही. ही गाडी आहे साहेब."

"असंल बी. पण बघा, तळमजला आहे, वर एक मजला, वर जायला बाहेरून जिना. पाण्याची स्वतंत्र टाकी. स्वतंत्र वीज. खाली स्वयंपाकघर. समोर छज्जा, त्याच्याखाली तीन गाळे. किती दिवस झाले इथं?"

"पाच आठवडे."

"हललं नाही?"

"छत अडकलंय."

मारोतरावांनी सहानुभूतीनं मान हलवली आणि नोटीस हातात दिली. 'आपण सार्वजनिक रस्त्यावर तळ अधिक एक मजली अनधिकृत बांधकाम केल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत ते स्वखर्चाने निष्कासित करावे, अन्यथा विभागामार्फत पाडण्यात येईल.' सात दिवस पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपत होते.

"साहेब, पण चाकं आहेत की हो!"

"चाकं काय, खुराड्यालाही असतात. गाडी असंल तर परिवहन कार्यालयाचं तसं पत्र आणा. आपल्याला काय, आपण लगेच फाइल बंद करतो."

प्रितम परिवहन कार्यालयात गेला. तिथल्या निरीक्षक मॅडम म्हणाल्या, गाडी पाहणीला आणा. गाडी हलत नाही म्हटल्यावर म्हणाल्या, बरं, फोटो दाखवा. त्यांनी एका हातात नोंदणीचं पुस्तक धरलं, दुसऱ्या हातात प्रितमचा मोबाइल, आणि बराच वेळ एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं.

"पुस्तकात पाच सीट आहेत. इथं?"

"दोन."

"लांबी, रुंदी, उंची, वजन. काहीतरी जुळतंय का?"

"रंग," प्रितम म्हणाला. "रंग तोच आहे."

मॅडम कायद्याला धरून वागणाऱ्या होत्या. पंधरा मिनिटांत पत्र तयार झालं. 'सादर केलेल्या छायाचित्रांतील वस्तू या कार्यालयाकडे नोंद असलेल्या वाहनाशी जुळत नाही. सबब सदर वस्तूस वाहन म्हणता येणार नाही.' खाली गोल शिक्का.

प्रितमनं ते पत्र घेऊन थेट तळोजा गाठलं. आता पाच दिवस उरले होते. घरी बयाबाई रोज संध्याकाळी पांढरी साडी कपाटातून काढून बघायच्या आणि परत ठेवायच्या.

केतननं पत्र वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "दादा, हे तं भारी काम झालं!"

"भारी? ती गाडी नाही असं म्हणतायत!"

"मंग काय हाय? बांधकाम! आन् आपल्याकडं बांधकाम तुटतं का कदी? गाडी असती तं उचलून न्हेली असती. बांधकाम नियमित होतं. आमची आख्खी आळी तशीच हाय. 'गरजेपोटी' म्हनून अर्ज टाका. फॉर्म हाय माझ्याकडं, घरात कायम पाच-सहा पडलेले असतात."

सात पानी अर्ज होता. नाव, पत्ता, बांधकामाचं क्षेत्रफळ, मजल्यांची संख्या. पाचव्या पानावर एक रकाना होता. 'सदर बांधकाम कोणत्या गरजेपोटी केले?' प्रितमनं बराच विचार केला. मग लिहिलं, 'आईला गावी न्यायचे आहे.'

विभागाच्या खिडकीवरच्या माणसानं ते वाचलं, 'योग्य' अशी खूण केली आणि अर्ज आत सरकवला.

सातव्या दिवशी पाडायला जेसीबी आला. चालकानं यंत्र बंद केलं, खाली उतरला, बंपरवरनं हात फिरवला आणि प्रितमला बाजूला घेऊन विचारलं, "भाऊ, कुठं बसवलात? आपल्या मशीनला होईल का?" तो केतनचा नंबर लिहून घेत होता तेवढ्यात मारोतराव घाईघाईनं आले. बांधकाम नियमित झालं होतं! चार दिवसांत. अशा वेगानं काम झाल्याचं त्या कार्यालयातल्या भिंतींनाही आठवत नव्हतं. मारोतरावांनी स्वतः प्रितमचं अभिनंदन केलं. शेवंताबाईंनी सगळ्यांना सरबत दिलं, टाकीच्याच पाण्याचं.

"म्हणजे आता मी मोकळा?" प्रितमनं विचारलं. "छत सोडवलं, की उद्या पहाटे आईला घेऊन निघू शकतो?"

मारोतरावांनी मंजुरीपत्राचं मागचं पान उलटून दाखवलं. अट क्रमांक नऊ. 'नियमित केलेले बांधकाम मंजूर जागेवरून हलविल्यास मंजुरी आपोआप रद्द होऊन फौजदारी कारवाई केली जाईल.' त्याच्याखाली अट क्रमांक अकरा. 'मालमत्ता क्रमांकाची पाटी बसविण्यासाठी उद्या सकाळी दहा वाजता मालकाने जागेवर हजर राहावे.'

"पण साहेब, गरजच ती आहे! अर्जात लिहिलंय, आईला गावी न्यायचंय म्हणून!"

"म्हणून तर मंजूर झालं," मारोतराव म्हणाले.

पौर्णिमेच्या पहाटे बयाबाई पांढरी साडी नेसून, संघप्रियाचा हात धरून खाली उतरल्या. गाडीजवळ क्षणभर थांबल्या. "चांगली झालीया," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळं प्रितमला तो जास्त लागला. मग दोघी रिक्षानं कळंबोलीला गेल्या आणि तिथून एसटी धरली.

बरोबर दहाला इकडं पाटी बसवायला माणूस आला. मालमत्ता क्रमांकाची निळी पाटी सोंडेच्या खाली ठोकून बसवली. ग्रुपमधले चाळीस जण हार घेऊन आले होते, केतनही होता. देशातली पहिली नियमित ऑफरोड गाडी, असं कुणीतरी म्हणालं. तेवढ्यात प्रितमचा फोन वाजला.

"बाला, उगडली पाटी." मागं सगळी वाडी बोलत होती. "तुज्या बापाचं नाव चकचकीत आलंय. मी हात लावून बगितलं."

"चढ कशी चढलीस आई?"

"दूधवाल्याच्या टमटमनं. मडगार्ड सुतळीनं बांदलेलं हाय त्याचं. पन मला पुढं बसवली, शेजारी. सगळी वाडी दिसली चढताना." बयाबाई थांबल्या. "तू कुठवर आलास?"

प्रितमनं आजूबाजूला बघितलं. हार, छत, जवला, निळी पाटी.

"इथंच आहे आई."

"बरं. जेवून घे."

तर असं झालं. तुम्ही हसलात, मी बघितलं. त्या दिवशी गर्दीत तुम्हीही होतात. रस्त्यावरनं चालला होतात, गर्दी दिसली म्हणून गाडी कडेला लावून उतरलात. सगळा किस्सा शेजारच्या माणसाकडून ऐकून घेतलात, कपाळावर हात मारलात, 'काय येडे लोक असतात' म्हणालात. सगळं अगदी बरोबर होतं. मग गर्दी जरा पांगल्यावर तुम्ही केतनला बाजूला गाठलंत आणि हळूच विचारलंत, बाकी काही नको, पण तो नुसता पुढचा बंपर, तो माझ्या गाडीला बसेल का?

केतननं विचारलं, "गाडी कुठं हाय?"

तुम्ही बोट दाखवलंत. मागच्या सीटवर तुमची आई बसली होती. मांडीवर डबा होता. काच खाली करून ती विचारत होती, "निघायचं ना रे आता?"

"दोनच मिनिटं," तुम्ही म्हणालात.